रक्तशुद्धीच्या तासांतील ऊब

पौषातल्या पहाटे रंकाळ्यावरचे वारे अंगाला झोंबत असताना दवाखान्याच्या दालनात शिरावे, तो तेथील गारवा त्याहूनही बोचरा. डायलिसिसच्या चार तासांत रक्त देहाबाहेर नळ्यांतून फिरत असताना उष्णता वाटेत सांडते, आणि रक्तदाब कोसळू नये म्हणून यंत्रातील द्रावणाचे तपमानही पुष्कळदा देहाहून किंचित कमी, ३६ अंशांच्या आसपास, राखलेले असते. तेव्हा ही थंडी मनाची दुर्बलता नव्हे, हे मी नवख्या सोबत्यांना आवर्जून सांगतो.

माझी सारी भिस्त बिरदेवाच्या पट्टणकोडोलीहून आणलेल्या धनगरी घोंगडीवर. चिंचोक्याच्या खळीने ताठ झालेली ती काळी लोकर प्रथम टोचते, मग घटकाभरात पायांना अशी ऊब देते की पेटके येण्याचे भयही मावळते. फिस्टुलाचा, म्हणजे सुया टोचलेला, हात मात्र पांघरुणाबाहेरच ठेवावा, कारण सुई निसटल्यास रक्त नकळत वाहून जाईल, हा परिचारिकांचा हुकूम सर्वस्वी रास्त आहे. त्यासाठी सौभाग्यवतींनी माझ्या फ्लॅनेलच्या सदऱ्याची डावी बाही उसवून तिला बंद लावून दिले आहेत.

परंतु हुडहुडी भरून ताप चढू लागल्यास, पांघरूण ओढून स्वस्थ पडू नका. जंतुसंसर्गाची शंका धरून परिचारिकेला तत्काळ वर्दी द्या.