बेडकाचें औषध आणि गेळफळ

गेल्या महिन्यांत नेदरलँड्समध्यें नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्याचें पत्र आलें. वडील जाऊन दोन वर्षें होत आलीं, तरी मनावरचा भार उतरत नाहीं. येथें कांहीं मंडळी ॲमेझॉनच्या अरण्यांतील बेडकाचें औषध देतात, त्यानें सांठलेलें दुःख ओकून जातें म्हणतात. काका, तुम्हीं वमन घेतलें होतें, मीं हें घेऊं काय? असा त्याचा प्रश्न होता.

या औषधास कांबो म्हणतात. काटुकिना, मात्सेस इत्यादि अरण्यवासी लोक एका मोठ्या हिरव्या झाडबेडकाचे पाय काटक्यांना ताणून बांधतात, अंगावरचा चीक खरवडून घेतात व त्यास सोडून देतात. घेणारानें आधीं पोटभर पाणी प्यावयाचें. मग जळत्या काडीनें त्याच्या कातडीवर बारीक डाग देऊन त्यांवर चीक लावतात. लगेच छाती धडधडूं लागते, तोंड सुजतें आणि जोराची वांति होते. व्हित्तोरिओ एर्स्पामेर या इटालियन शास्त्रज्ञानें अशा बेडकांच्या कातडींतील द्रव्यें तपासलीं. त्यांत रक्तदाब उतरविणारीं आहेत, अफूसारखीं वेदना शमविणारींहि आहेत. तेव्हां चीक निर्गुण नव्हे. परंतु काटुकिना लोक तो घेतात तो शिकार हुकूं लागली, अंगांत सुस्ती भरली, म्हणजे ती अवकळा झाडून टाकण्यासाठीं. शोकाचा उतारा म्हणून त्याची ख्याति शहरांतल्या लोकांनीं केली. ब्राझीलनें २००४ मध्यें त्याच्या जाहिरातीस मनाई केली. ऑस्ट्रेलियानें २०२१ मध्यें तो निषिद्ध द्रव्यांत घातला. त्यानें माणसें दगावल्याच्याहि नोंदी आहेत.

आतां आमची हकीकत. आमचें व दादांचें रान प्रवरेच्या कालव्याच्या एकाच चारीवर. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, तेव्हांपासून त्या पाण्यावर आमच्या घराण्याचीं पोटें भरलीं आणि त्याच पाण्यावरून भाऊबंदकीहि झाली. एका उन्हाळ्यांत रात्रीच्या पाळीवरून आमचें व दादांचें वाजलें. सात महिने बोलणें बंद. मग एके सकाळीं दादा बांधावरच कोसळले. हृदय बंद पडलें होतें.

तेराव्यानंतर आमचा घांस गळ्याखालीं उतरेना. डॉक्टरांस कांहीं दोष सांपडेना. शेवटीं नगरास एका वृद्ध वैद्यांकडे गेलों. (जिल्ह्याचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे, आमच्या तोंडांत जुनेंच बसलें आहे.) वैद्यांनीं वसंत लागेपर्यंत थांबविलें, मग वमन ठरविलें. पांच दिवस चढत्या मापानें तूप. तें तूप आठवलें कीं अजून अंगावर कांटा येतो. मग तेल आणि शेक, आदल्या रात्रीं दहीं आणि उडीद. सकाळीं गुडघाभर उंचीच्या पाटावर बसवून दूध व ज्येष्ठमधाचा काढा गळ्याशीं येईपर्यंत पाजला, आणि वर गेळफळाचें चूर्ण मधांतून. कपाळावर घाम आला तसे वैद्य म्हणाले, “सुटूं लागलें.” त्यांच्या मुलानें आमचें कपाळ धरलें होतें. आठ वेग झाले, शेवटीं पित्त पडलें. अंग पिसासारखें झालें.

शोक? तो होता तेथेंच होता. तिसऱ्या दिवशीं पेज पीत असतां वैद्यांनीं सहज विचारलें, “तुम्ही दोघे शेवटचें कधीं बोललां होतां?” आम्हीं वाटी खालीं ठेवली आणि त्यांच्यासमोर पोर रडावें तसे रडलों. त्या दिवशीं प्रथम पाळीची सारी गोष्ट कोणाला सांगितली. चरकसंहितेंत उन्मादाच्या चिकित्सेंत वमनहि आहे. पण ज्याचें मन प्रिय वस्तूच्या नाशानें दुखावलें आहे, त्याचें सांत्वन करावें, त्यास धीर द्यावा, असेंहि तेथेंच सांगितलें आहे. गेळफळानें घांस मोकळा केला कीं त्या प्रश्नानें, याचा निवाडा आम्हांकडून होत नाहीं. सात दिवस हातांस काम नसतां पथ्यावर पडून राहिलों नसतों, तर तो प्रश्न आम्हीं उडवूनच लावला असता, एवढें खरें.

पुतण्यास उत्तरांत लिहिलें कीं बेडकाच्या वाटेस जाऊं नकोस; तुझे वडील हृदयानें गेले, आणि हें औषध प्रथम हृदयावरच जातें. एवढें लिहून पत्र संपवितां आलें असतें. पाळीचें भांडण त्याला ठाऊक नव्हतें. वहिनींनीं तें कधीं त्याच्या कानावर घातलें नाहीं. पुढचीं तीन पानें आम्हीं तेंच लिहिलें: कोण काय बोललें, कोणीं कोणाचें दार अडविलें, आणि सात महिन्यांत बांधावर समोरासमोर येऊनहि आम्हीं किती वेळां मान फिरविली.

पत्र टाकून अकरा दिवस झाले, उत्तर नाहीं. परवां चारीला आवर्तन सुटत आहे. पहिली पाळी दादांच्या रानाची. दार धरावयास आम्हीच जाऊं.