लव्हाळ्याचा क्रूस आणि वाघबारस

डब्लिनमध्ये 1 फेब्रुवारीला थंडी जराही ओसरलेली नसते, पण जुन्या आयरिश रीतीप्रमाणे त्या दिवशी वसंत लागतो. हा संत ब्रिजिडचा सण. आदल्या संध्याकाळी लव्हाळे विणून क्रूस करतात आणि दारावर लावतात, वर्षभर घराला आग लागू नये म्हणून. काही घरांत एक फडकं रात्रभर बाहेर कुंपणावर ठेवतात. ब्रिजिड रात्री गावातून जाते, तिचा हात त्याला लागतो, अशी श्रद्धा. पुढे कुणाचं डोकं दुखलं किंवा गाय विताना अडली, की तेच फडकं बाहेर निघायचं. ब्रिजिड गुराढोरांची, दूधदुभत्याची राखणकर्ती.

हे ऐकताना मला तारापूरच्या पूर्वेकडचे वारली पाडे आठवतात. दिवाळीच्या तोंडावर तिथे वाघबारस असते. रानात गुरं नेणारे वाघदेवाला पुजतात, गुरं सुखरूप ठेव म्हणून मागणं मागतात.

आयर्लंडने केलेल्या एका कामाचा मात्र मला हेवा वाटतो. 1937 ते 1939 या काळात सुमारे 5,000 प्राथमिक शाळांतल्या मुलांनी आजीआजोबांना, शेजाऱ्यांना विचारून सणांच्या चाली, औषधं, गोष्टी वह्यांत उतरवल्या. त्या वह्या आज डब्लिनच्या विद्यापीठात जपलेल्या आहेत आणि कुणालाही इंटरनेटवर वाचता येतात. मुलांच्या अक्षरातली ती पानं वाचत मी कित्येक रात्री जागलो आहे. क्रूस कुठे चार हातांचा, कुठे तीन. गावागणिक रीत वेगळी. 2023 पासून ब्रिजिडच्या नावाने सरकारी सुट्टीही मिळते.

आमचं तारापूर बाहेरच्यांना 1969 पासूनच्या अणुवीज केंद्रामुळे आणि एमआयडीसीमुळे माहीत. केंद्राच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. गाव उठलं की घरांना पर्यायी जागा मिळते. होळीची जागा, वेशीवरचा देव यांचा हिशेब कोण ठेवतो? जिव्या सोमा म्हसे यांनी भिंतीवरचं वारली चित्र कागदावर आणलं, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, चित्रं जगभर गेली. पण कोणत्या रात्री कोणतं गाणं म्हणायचं, नैवेद्याला काय लागतं, हे अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच आहे.

पालघरमधल्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येक मुलाला एक कोरी वही द्या. वारली, मांगेली, वाडवळी, घरात जी बोली असेल तिच्यातच लिहू द्या. वाघबारशीपासून सुरुवात करा.