फ्रिज आला, फरशी फुटली

फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा एसी घरात आणताना फरशी तडकली, ओट्याचा कोपरा उडाला, दाराची चौकट सोलवटली, तर ते नुकसान वॉरंटीत बसत नाही. वॉरंटी यंत्राची असते, घराची नसते. म्हणून दुकानात फोन केल्यावर ‘कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळवा’ हे जे ठरलेले उत्तर मिळते, ते इथे लागूच होत नाही. यंत्र कंपनीने बनवले असले तरी जिन्यावरून ते वर चढवायला कंपनी आली नव्हती.

भरपाईची मागणी उभी राहते ती सेवेतील त्रुटीवर. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘त्रुटी’च्या व्याख्येत निष्काळजीपणामुळे ग्राहकाला झालेले नुकसानही येते आणि अशा नुकसानीची भरपाई द्यायला लावण्याचा अधिकार ग्राहक आयोगाला कलम ३९ने दिला आहे. घरपोच देण्याचे कबूल करून दुकानाने पैसे घेतले की पोचवणे हा त्या विक्रीचाच भाग होतो.

यावर दुकानदाराचे दोन बचाव ठरलेले असतात. पहिला, डिलिव्हरी फुकट होती. या म्हणण्याला थोडा आधार आहे, कारण विनामूल्य सेवा कायद्याने ‘सेवा’ या शब्दाच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. पण चाळीस हजारांच्या फ्रिजबरोबरची ‘फ्री डिलिव्हरी’ ही काही धर्मादाय सेवा नव्हे. तिचा खर्च किमतीतच धरलेला असतो. दुसरा बचाव, माणसे आमची नव्हती, ट्रान्सपोर्टवाल्याची होती. ग्राहकाचा व्यवहार दुकानाशी झालेला असतो. दुकानाने ते काम पुढे कोणाकडून करून घेतले हा त्या दोघांमधला मामला. तरीही तक्रारीत दुकान आणि ट्रान्सपोर्टवाला या दोघांनाही सामनेवाले करणे शहाणपणाचे, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवण्यात तारखा जात नाहीत. खरेदी ऑनलाइन असेल तर बिलावर विक्रेता म्हणून कोणाचे नाव आहे ते आधी पाहावे आणि तक्रार विक्रेता व संकेतस्थळ दोघांकडे करावी. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचे असते.

काही प्रसंगी मात्र दुकानाची जबाबदारी सुटते किंवा कमी होते. टेम्पो ग्राहकानेच ठरवला असेल, तर दावा टेम्पोवाल्यावर. आलेल्या पोरांना वर दोनशे रुपये देऊन जुना फ्रिज खाली न्यायला सांगितला आणि त्यात जिन्याचा कठडा वाकला, तर ते काम दुकानाने घेतलेलेच नव्हते. जुन्या इमारतींच्या अरुंद जिन्यांत आणखी एक गोष्ट हमखास घडते. ‘दारातून जाणार नाही’ असे हमाल सांगतात आणि घरमालक म्हणतो, ‘ढकला हो, जाईल.’ गेला तर ठीक. नाही तर त्या वाक्याचा वाटा भरपाईतून वजा होऊ शकतो.

हमालांचा विषय निघालाच आहे, तर दारातच त्यांच्याकडून पाचशे रुपये घेऊन प्रकरण मिटवण्याची रीत वाईट आहे. रक्कम पुरत नाही, ज्याच्या खिशातून जाते त्याची ती दिवसाची कमाई असते, आणि पुढे दुकान म्हणायला मोकळे होते की भरपाई तर तेव्हाच घेतली. मागणी दुकानाकडेच करावी.

पुराव्याच्या दृष्टीने पहिला तास सगळ्यांत मोलाचा. पोचपावतीवर सही करण्यापूर्वी तिच्यावरच शेरा लिहावा: ‘फ्रिज आत नेताना स्वयंपाकघरातील दोन फरशा तडकल्या’, खाली वेळ. शेरा राहून गेला म्हणून दावा बुडत नाही, कारण ती सही माल मिळाल्याची असते, घर शाबूत असल्याची नव्हे. फक्त सिद्ध करण्याचे ओझे वाढते. फोटो पसारा आवरण्याआधी घ्यावेत. एक लांबून, ज्यात यंत्र आणि खोके दिसेल. एक जवळून, शेजारी फूटपट्टी ठेवून. मूळ फाइल फोनमध्ये राहू द्यावी, कारण व्हॉट्सअॅपवरून पुढे गेलेल्या फोटोतली तारीख-वेळेची नोंद सहसा पुसली जाते. सोसायटीच्या सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत नव्या चित्रणाखाली जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी विनंती सेक्रेटरींना त्याच दिवशी द्यावी. दुकानालाही त्याच संध्याकाळी ईमेल जावा. फोनवरचे बोलणे नंतर कोणालाच आठवत नाही.

खरी ओढाताण होते ती रकमेवर. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ चे सूत्र असे, की करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारे नुकसान मिळते, दूरान्वयाचे मिळत नाही. फुटलेल्या दोन फरशा बदलणे हे स्वाभाविक. अडचण अशी, की खोक्यावर बॅच आणि शेडचा क्रमांक असतो आणि सहा वर्षांपूर्वीच्या बॅचची फरशी बाजारात सहसा मिळत नाही. माळ्यावर उरलेल्या फरशा असतील तर प्रश्न मजुरीपुरता राहतो. नसतील तर त्या खोलीची फरशी बदलण्याची मागणी रास्त ठरू शकते. संपूर्ण घराची मागणी करणारा मात्र आपल्याच बाजूवरचा विश्वास घालवतो. दोन गवंड्यांकडून अंदाजपत्रक घ्यावे आणि त्यात फरशी, तोडफोड, राबिट उचलणे, मजुरी हे वेगवेगळे मांडायला सांगावे. मोघम एकरकमी आकड्याला दुकान लगेच कात्री लावते. फरशी जुनी होती म्हणून घसारा वजा करा, असाही युक्तिवाद येतो. खोली रंगवायला झाली असेल तर रंगाच्या बाबतीत त्यात तथ्य असते, धडधाकट फरशीच्या बाबतीत फारसे नसते.

निकाल लागेपर्यंत फुटक्या फरशीवरून चालत राहण्याची गरज नाही. फोटो काढून, तुकडा जपून आणि पक्के बिल घेऊन दुरुस्ती करता येते. उलट नुकसान वाढू न देणे हे ग्राहकाचेही काम आहे. वॉशिंग मशीनचा पाइप सैल बसवला गेला आणि पाणी वाहू लागले, तर नळ बंद न करता फोन करत बसलेल्याला पुढच्या नुकसानीची भरपाई मागणे जड जाते.

घर भाड्याचे असेल तर ग्राहक भाडेकरू, पण फरशी मालकाची. अनामत रकमेतून किती कापणार याचे मालकाचे पत्र जोडावे. लिफ्टचे दार चेपले तर ते सोसायटीचे नुकसान, मागणीही सोसायटीची.

दुकान दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथून आदेश निघत नाही, पण मोठी दुकाने बऱ्याचदा तिथेच नमतात. पुढची पायरी पंधरा दिवसांच्या मुदतीची नोटीस आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यातच चालते, आणि ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, दुकानाचे मुख्य कार्यालय कुठेही असो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत घटनेपासून दोन वर्षे. सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. निकाल तीन महिन्यांत द्यावा असे कायदा म्हणतो; प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. मनस्तापाची भरपाईही मागता येते, सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात ते मान्य केले आहे. पण दोन फरशांसाठी पाच लाखांचा मनस्ताप लिहू नये.

मध्येच दुकान तडजोडीला येते, बहुधा गिफ्ट व्हाउचर घेऊन. ते घेण्याचे बंधन नाही. गवंड्याला व्हाउचर चालत नाही. ‘पूर्ण व अंतिम’ असे लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी आजूबाजूच्या फरशा ठोकून पोकळ वाजतात का ते पाहावे. आदेश विरुद्ध गेला तर दुकानाला ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते, पण निम्मी रक्कम आधी भरून. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, अशा वेळी ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७२ खाली अर्ज करावा. त्यात एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा पंचवीस हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.