ध्रुवरात्रीतील वैयावृत्त्य

नॉर्वेच्या उत्तर टोकाकडील ट्रॉम्सो शहरातून निघालेले विमान दीड तासाहून अधिक काळ केवळ समुद्रावरून उडत राहते. मग ढगांखालून टोकदार, हिमाच्छादित डोंगर वर येतात. हा स्वालबार्ड द्वीपसमूह. येथे ७८ अंश उत्तर अक्षांशावर लाँगइअरब्येन हे सुमारे अडीच हजार वस्तीचे गाव आहे. जॉन मन्रो लाँगइअर या अमेरिकन उद्योजकाच्या कंपनीने १९०६ साली येथे कोळशाच्या खाणीसाठी वसाहत केली. त्याचेच नाव गावाला मिळाले. या गावात एक छोटे रुग्णालय आहे. ते ट्रॉम्सोच्या विद्यापीठ रुग्णालयाचाच एक भाग असून, दोहोंमध्ये सुमारे ९५० किलोमीटरचे अंतर आहे.

अशा ठिकाणी परिचारिकेची नोकरी मिळू शकते का, असा प्रश्न एखाद्या तरुण मुलीच्या मनात येणे स्वाभाविक आहे. येथे एक ऐतिहासिक योगायोग उपयोगी पडतो. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिस येथे झालेल्या स्वालबार्ड करारात तत्कालीन ब्रिटिश अमलाखालील भारतही सहभागी होता. त्यामुळे भारतीयांना या बेटांवर राहण्यासाठी वा काम करण्यासाठी व्हिसा लागत नाही. मात्र वाट नॉर्वेतूनच जाते आणि त्या प्रवासासाठी शेंगेन व्हिसा घ्यावा लागतो.

करार राहण्याची मुभा देतो, रुग्णाला हात लावण्याचा अधिकार देत नाही. त्यासाठी नॉर्वेची शासकीय मान्यता हवी. युरोपबाहेर शिकलेल्या परिचारिकेला नॉर्वेजियन भाषेत चांगली गती मिळवावी लागते, तेथील आरोग्यव्यवस्था व कायद्यांचा अभ्यासक्रम आणि औषध हाताळणीचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. ही काही वर्षांची तपश्चर्याच होय. त्यातही जागा मोजक्या असतात. शिवाय स्वालबार्डमध्ये ज्याला स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही, त्याला परत पाठवता येते. वृद्धांच्या शुश्रूषेचीही तेथे सोय नाही. हे गाव धडधाकट, कमावत्या माणसांचे आहे.

म्हणूनच रुग्णालयाचे काम वेगळे ठरते. किरकोळ शस्त्रक्रिया आणि तातडीचे उपचार तेथे होतात; गंभीर रुग्णाला विमानाने ट्रॉम्सोला न्यावे लागते. गरोदर स्त्रिया प्रसूतीच्या सुमारे तीन आठवडे आधीच मुख्य भूमीवर जातात. पण वादळ आले की विमान उतरत नाही, आणि मग हाताशी असलेल्या मोजक्या माणसांनीच रुग्णाला सांभाळायचे असते. मोठ्या शहरात परिचारिका एका विभागात काम करते. येथे तिला सर्वच विभाग थोडेथोडे यावे लागतात.

१९ डिसेंबर २०१५ रोजी सकाळी डोंगरावरून हिमस्खलन झाले आणि गावातील ११ घरे उद्ध्वस्त झाली. दोन जणांचा मृत्यू झाला. त्यात एक चिमुकले मूल होते. भर ध्रुवरात्रीचे ते दिवस. शेजारीपाजारी फावडी घेऊन अंधारात बर्फ उपसू लागले. एवढ्याशा गावात रुग्णालयात आणलेला जखमी हा कोणाचा तरी शेजारीच असतो. परिचारिकेला त्या दुःखापासून दूर उभे राहण्याची सवलत मिळत नाही.

आपल्या घरातील मुलीने तेथे जाण्याचा विचार बोलून दाखवला, तर आजीचा पहिला प्रश्न ठरलेला असेल : तिथे सूर्य कधी मावळतो? उत्तर अवघड आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तो मावळतच नाही. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो उगवतच नाही. रात्रिभोजनत्यागाचे व्रत पाळणाऱ्याने तेथे काय करावे, याचा निर्णय आपल्या गुरुजनांना विचारूनच घ्यावा. व्रताच्या मुळाशी असलेली जीवदया आणि संयम मात्र अक्षांशाप्रमाणे बदलत नाहीत. डाळ, तांदूळ, पीठ साठवता येते. ताजी भाजी मात्र दुरून येते आणि महाग असते. ज्याला जिभेवर ताबा नाही, त्याला ते गाव जड जाईल.

दुसरा प्रश्न अधिक टोचणारा आहे. वस्तीबाहेर पाऊल टाकायचे तर पांढऱ्या अस्वलाला पळवून लावण्याचे साधन जवळ ठेवणे बंधनकारक आहे, आणि बहुतेक जण बंदूकही नेतात. अस्वलाला तेथे १९७३ पासून कायद्याचे संरक्षण आहे. अगदी अखेरचा उपाय म्हणूनच त्याला मारता येते आणि अशा प्रत्येक घटनेची चौकशी होते. अहिंसाव्रती मुलीने हा प्रश्न निघण्यापूर्वीच स्वतःला विचारावा. वस्तीच्या हद्दीत राहणे, बाहेर जावे लागलेच तर जाणत्यांच्या सोबतीने जाणे आणि अस्वलाच्या वाटेत मुळी न येणे, हा एक मार्ग तिच्यापुढे असतो.

याच गावात काही गोष्टी आपल्या ओळखीच्याही वाटतात. खाणीतून आलेल्या कामगारांच्या बुटांना कोळशाची धूळ असे. म्हणून पादत्राणे दारातच काढण्याची रीत पडली. अनेक हॉटेलांत आणि संग्रहालयात आजही ती पाळली जाते. मंदिराच्या पायरीशी चपला काढणाऱ्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही.

फेब्रुवारीत सूर्य क्षितिजावर आला तरी डोंगरांमुळे त्याचे किरण गावात पोहोचत नाहीत. ८ मार्चच्या सुमारास सारे गाव जुन्या रुग्णालयाच्या पायऱ्यांपाशी जमते. मुले मोठ्याने सूर्याला हाका मारतात. दुपारी पहिला किरण त्या पायऱ्यांवर पडला, की सूर्य परतला असे मानतात.

ज्या पायऱ्या चढून एके काळी आजारी माणसे आधारासाठी जात, तेथेच गाव उजेडाची वाट पाहते. जैन परंपरेने आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याला, म्हणजे सेवा-शुश्रूषेला, स्थान दिले आहे. आहाराचे नियम सूर्याशी बांधलेले आहेत. सेवेचा नियम तसा नाही. चार महिन्यांच्या अंधारातही रुग्णाच्या उशाशी कोणीतरी जागे असावे लागते. वेगळा देश पाहण्याची हौस किंवा पगाराचा आकडा एवढ्याच बळावर तेथे गेलेल्या मुलीला पहिला हिवाळा फार लांब वाटेल. सेवेला तप मानून जाणाऱ्या मुलीला मात्र घरच्यांनी निःशंक मनाने निरोप द्यावा.