क्रेऑनचा उशीर

सोफोक्लिसची ‘अँटिगनी’ ही शोकांतिका इ. स. पूर्व ४४१ च्या सुमाराची. थीब्जचा राजा क्रेऑन शहरावर चालून आलेल्या, रणात पडलेल्या पॉलिनायसिसला अंत्यसंस्कार नाकारतो. बहीण अँटिगनी ती आज्ञा मोडून भावाच्या देहावर माती लोटते आणि त्यापायी जिवंतपणी गुहेत कोंडली जाते. वाचकांचा जीव तिच्यावर जडतो, ते योग्यच. माझे मन मात्र दर वाचनात क्रेऑनपाशी घुटमळते. तो हट्टी खरा. पण अंध द्रष्टा टायरेसियसच्या इशाऱ्यानंतर तो नमतो, हे आपण विसरतो. वृंद त्याला सांगतो, आधी मुलीला सोडव, मग मृताला मूठमाती दे. क्रेऑन नेमके उलट करतो. देहाला स्नान, दहन, वर मातीचा उंचवटा, सारे यथासांग. मृतांचे विधी करण्यात ज्याची हयात गेली, त्या माझ्यासारख्याला त्यात खोट काढवत नाही. सत्कृत्यच ते! पण तोवर गुहेत अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. तिचा वाग्दत्त वर, क्रेऑनचाच पुत्र हीमन, बापादेखत स्वतःवर तलवार चालवतो. मुलाचे कलेवर घेऊन क्रेऑन राजवाड्यापाशी येतो, तेव्हा दारातच दुसरी वार्ता त्याची वाट पाहत असते: राणीनेही प्राण दिला आहे.