जात्यावरचा सोबती

परभणी जिल्ह्यातील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी मानली जाते. त्यांच्या अभंगांत विठ्ठल जात्यापाशी येऊन दळू लागतो, आणि जनाबाई ते मोकळेपणाने सांगतात. पीठ आपल्या एकटीच्या हातचे, असा दावा त्या करीत नाहीत. आजच्या संशोधकाच्या जात्यालाही एक सोबती लाभला आहे. त्याचे नाव घेण्याची रीत मात्र अद्याप पुरती रुजलेली नाही.

परभणीच्या कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ ची. तेथील काय किंवा देशातील इतर कृषी विद्यापीठांतील काय, पीकप्रयोगांवरील प्रबंधांत सांख्यिकी पद्धतीसाठी पानसे आणि सुखात्मे यांच्या ग्रंथाचा संदर्भ वारंवार आढळतो. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने तो १९५४ मध्ये प्रसिद्ध केला. हा ऋणनिर्देश उचितच होय. परंतु ग्रंथ पद्धत सांगतो. प्रत्यक्ष आकडेमोड आता संगणकाची आज्ञावली करते. तिचे नाव, आवृत्ती आणि कर्ते यांविषयी संशोधक अनेकदा मौन पाळतो. कधी या मौनामागे जुनी वहिवाट असते, तर कधी परवान्याविना वापरलेल्या प्रतीचा संकोच.

हे मौन सार्वत्रिक आहे. जेम्स हॉविसन व ज्युलिया बुलार्ड यांनी जीवशास्त्रातील ९० लेख तपासले. २०१६ च्या त्यांच्या निबंधानुसार आज्ञावलींच्या उल्लेखांपैकी केवळ ३१ ते ४३ टक्के उल्लेख रीतसर संदर्भाच्या रूपात होते.

प्रश्न केवळ सौजन्याचा नाही. एक्सेलने काही जनुकांची नावे परस्पर तारखांत बदलल्याचे अनेक शोधनिबंधांत उघड झाले. अखेर २०२० मध्ये काही जनुकांची नावेच बदलावी लागली. साधन निर्विकार नसते. कोणत्या आवृत्तीने उत्तर दिले हे नोंदलेले नसेल, तर चूक शोधणाऱ्याने जावे कोठे?

मराठीचा अभ्यासकही यातून सुटत नाही. जुन्या टंकातील संहिता युनिकोडमध्ये आणताना एखादे जोडाक्षर बिघडते आणि पुढे तोच पाठभेद समजला जाण्याचा धोका राहतो. हस्तलिखिताचा क्रमांक काटेकोरपणे देणारा संपादक रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीचे नाव मात्र देत नाही.

आज्ञावलींचा संदर्भ कसा द्यावा, याची तत्त्वे २०१६ मध्येच प्रसिद्ध झाली आहेत. 'आर' ही सांख्यिकी आज्ञावली तर विचारताच आपला संदर्भ स्वतःच लिहून देते. प्रबंधात त्यासाठी एखादी ओळ पुरते. जात्यापाशी कोण बसले होते, एवढेच तिने सांगायचे असते.