अजून जरा आवळ

घरी गाडीचं काम करणाऱ्यांच्या हातून बोल्ट तुटतात ते बहुतेक वेळा काळजीपोटी. ऑइल बदलून झालं, चेंबरचा नट बसला, आता हात पुसायचे. पण मन मानत नाही. गळालं तर? म्हणून अजून जरा आवळ. मग पान्याला पाईप लावून अजून जरा. त्यात अ‍ॅल्युमिनियमचे आटे सोलून बाहेर येतात आणि अर्ध्या तासाच्या कामाचा आठवडा होतो.

आमच्या कोपरगाव तालुक्यात दोन सहकारी साखर कारखाने आहेत आणि इथल्या कित्येक फिटरांचे हात तिथेच तयार झाले. माझेही. गळीत हंगाम संपला की ओव्हरहॉलिंग सुरू व्हायचं. पंप, व्हॉल्व्ह, वाफेच्या लाइनी, सगळं उघडायचं आणि पुन्हा जोडायचं. फ्लँजचे बोल्ट एका कडेने ओळीने आवळत गेलं की तिकडचं पॅकिंग चेपतं, समोर फट राहते आणि वाफ नेमकी तिथून शिट्टी मारते. म्हणून आधी सगळे हाताने बसवायचे, मग समोरासमोरचे थोडे थोडे करत दोन-तीन फेऱ्यांत पूर्ण आवळायचे. शेजारच्या येवल्यात पैठणीच्या मागावर ताण्याचा प्रत्येक धागा सारखाच ताणलेला लागतो. एक सैल पडला की कापडात दिसतो. बोल्टांचंही तेच. एकच बोल्ट किती घट्ट आहे याला अर्थ नाही, सगळे सारखे ताणले गेलेत का ते पाहायचं.

ताणले गेलेत, असं मी म्हणतोय ते शब्दशः घ्या. आवळताना बोल्ट खरोखर लांब होतो. एम-8 म्हणजे 8 मिलिमीटर जाडीचा, डोक्यावर 8.8 लिहिलेला साधा बोल्ट घ्या. 25 न्यूटन मीटर टॉर्कवर तो साधारण दीड टनाने ओढला जातो. आवळलेली लांबी 50 मिलिमीटर असेल तर बोल्ट सुमारे दशांश मिलिमीटर ताणला जातो. परत आखडायची त्याची जी धडपड, तीच पकड. डोक्यावरच्या 8.8 मधला पहिला आकडा सांगतो की हे पोलाद चौरस मिलिमीटरला 800 न्यूटनपर्यंत तुटत नाही. दुसरा सांगतो की त्याच्या 80 टक्क्यांवर, म्हणजे 640 ला, ते कायमचं लांबायला लागतं. एकदा तसं लांबलं की मूळ मापावर येत नाही. 25 न्यूटन मीटर म्हणजे तरी किती? पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला 10 किलो वजन टांगलं तर होतं तेवढं. धडधाकट माणूस हे मनगटाने सहज ओलांडतो. पाईप लावून दांडा दुप्पट लांब केला की तेवढ्याच जोराला दुप्पट टॉर्क.

बोल्ट कायमचा लांबायला लागतो ती सीमा हाताला कळते, पण कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. पाना फिरत असतो, दर अंशाला जोर वाढत असतो, आणि एका क्षणी पाना फिरतोच पण जोर वाढत नाही. हाताला लोण्यात गेल्यासारखं लागतं. तिथे थांबा, बोल्ट काढा आणि फेकून द्या. बरं वाटतंय म्हणून तसाच ठेवू नका.

माझं ठाम मत असं की आवळण्याचं निम्मं काम पाना हातात घेण्याआधीच झालेलं असतं. आपण जो टॉर्क लावतो त्यातला साधारण 50 टक्के बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, 40 टक्के आट्यांच्या घर्षणात. ताणायला उरतो तो जेमतेम 10 टक्के. त्यामुळे आट्यात माती, गंज, जुन्या लॉकटाइटची पापडी असेल तर पाना पूर्ण आकडा दाखवतो आणि बोल्ट मात्र ढिलाच असतो. उलट, कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लावलेल्या बोल्टवर वापरला तर तो हवा त्यापेक्षा बराच जास्त ताणला जातो. म्हणून तारेचा ब्रश आधी. तेल लावायचं की नाही ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलला विचारायचं. ब्लॉकमधल्या बंद भोकांत तेल किंवा पाणी साचलेलं असेल तर तेही पुसून काढायचं. बोल्ट खाली उतरताना ते दाबलं जातं आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

मग बोल्ट बोटांनी लावायचा. आधी उलटा फिरवा. आट्याचं तोंड आट्यासमोर आलं की बोल्ट किंचित खाली पडतो, बोटांना बारीक टक् लागतं. आता सुलटा फिरवा. दोन-तीन फेरे बोटांनी सहज गेले तर आटा बरोबर धरला. अडला तर पाना लावू नका, काढून पुन्हा बसवा.

शेजारचा एक मुलगा त्याच्या वडिलांची मारुती 800 मोठ्या प्रेमाने चालवतो. जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आता तिचे हेडचे आटे जपणं हेच खरं. प्लग बदलायला बसला की मी जवळ उभा राहतो. इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही, हे त्याला आता पाठ झालंय. नवा, वायसरवाला प्लग बोटांनी टेकेपर्यंत आणायचा आणि मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तेवढ्यात नवा वायसर चेपून बसतो. जुनाच प्लग परत लावायचा असेल तर वायसर आधीच चेपलेला, म्हणून फेऱ्याचा बारावा ते आठवा भाग पुरतो.

‘काका, एवढंच? अजून जरा देऊ?’

‘नको बाळा. झालं.’

हेडचं काम घरी करू नये असं मी सांगतो, पण करणारे करतात, म्हणून दोन गोष्टी. हेडचे बोल्ट मधल्यापासून बाहेरच्यांकडे, मॅन्युअलमधल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि थंड इंजिनवर आवळायचे. मे महिन्यात आपल्याकडे चाळिशीपार पारा असताना उन्हात उभी राहिलेली गाडी थंड नसते, हेही लक्षात ठेवा. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं आणि तो फरक बोल्टांनाच सोसावा लागतो. दुसरं असं की, बऱ्याच नव्या गाड्यांत आधी टॉर्क आणि मग ठरावीक अंशांचा कोन दिलेला असतो. असे बोल्ट मुद्दाम त्या सीमेपर्यंत ताणायचेच असतात आणि बहुतेक कंपन्या ते पुन्हा वापरू नका म्हणतात. वाचवलेले पैसे पुढे कूलंटमध्ये ऑइल उतरलं की दामदुपटीने जातात.

टॉर्क पाना घेतलात तर त्यावरची एकके नीट बघा. बाहेरून आलेल्या पान्यावर फूट-पाउंड असतात. 25 फूट-पाउंड म्हणजे जवळपास 34 न्यूटन मीटर. जुन्या पुस्तकांत किलो-मीटर असतात, तिथला 2.5 म्हणजे साधारण 25 न्यूटन मीटर. हळू आणि सलग ओढायचा, टक् झालं की सोडायचा. खात्रीसाठी दुसऱ्यांदा टक् करू नका, त्याने बोल्ट आणखी आवळला जातो. त्याच पान्याने कधीही बोल्ट खोलू नका आणि काम झालं की त्याला सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं ते चाकाच्या नटांबद्दल. टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट ठोकून बसवले जातात. मग नगर-मनमाड रस्त्यावर रात्री टायर बसला की गाडीतला एल-पाना ते हलवू शकत नाही आणि घरची माणसं रस्त्याच्या कडेला ट्रकांच्या दिव्यांत उभी राहतात. चाक बसवून घेतलंत तर नट शेवटी हाताने आवळायला सांगा, नाहीतर घरी येऊन सैल करून मॅन्युअलमधल्या आकड्यावर स्वतः आवळा. आणि 50 ते 100 किलोमीटर झाल्यावर, गाडी चारही चाकांवर उभी आणि चाकं थंड असताना, ते टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासा.